पाऊस तारेतून आला : भोसरीतल्या झिर्कोनिया चकत्यांचं प्रकरण

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला. पलीकडचं पहिलंच वाक्य, "सर, पावडर खराब आलीय." सिरॅमिकच्या धंद्यात काही बिघडलं की पहिला आळ पावडरवर येतो. ती बाहेरून आलेली असते, महाग असते आणि तिला उलटून बोलता येत नाही.

कारखाना भोसरी एमआयडीसीतला. मालकासकट अकरा माणसं. वीसेक वर्षं अॅल्युमिनाच्या मुशी, थर्मोकपलच्या (तापमान मोजणाऱ्या तारांच्या) नळ्या, छोटे इन्सुलेटर असा माल. हायड्रोजनवर काम करणाऱ्या एका गटाकडून त्यांना चाचणीची ऑर्डर मिळाली होती : झिर्कोनियाच्या (झिर्कोनियम ऑक्साइडच्या) ३०० चकत्या, व्यास ५० मिलिमीटर, जाडी ०.२ मिलिमीटर. म्हणजे पोस्टकार्डाइतकी. पैसे बेताचेच होते, पण मालकांना हे काम हवं होतं. "किती दिवस मुशीच करायच्या?" हे त्यांचं म्हणणं मी चार वर्षं ऐकतोय. कारखान्याचं आणि गिऱ्हाइकाचं नाव देत नाही. दोघांनीही लिहायला हो म्हटलं ते याच अटीवर.

एप्रिल-मे मध्ये केलेल्या पहिल्या दोन भरण्या, म्हणजे भट्टीत एका वेळी भाजलेल्या खेपा, छान निघाल्या. २४ पैकी २०-२१ चकत्या पास. जूनच्या अखेरीपासून गाडी घसरली. कधी दहा पास, कधी तीन.

चकतीचं काम

ही चकती म्हणजे घन ऑक्साइड सेलमधला इलेक्ट्रोलाइट. एका अंगाला हायड्रोजन किंवा वाफ, दुसऱ्या अंगाला हवा, आणि तापमान ८०० अंशांच्या आसपास. तिच्यातून वायू जाता कामा नये, इलेक्ट्रॉनही जाता कामा नये. जायचा तो फक्त ऑक्सिजनचा आयन. झिर्कोनियात हे जमतं ते त्यात मिसळलेल्या इट्रियामुळे, म्हणजे इट्रियम ऑक्साइडमुळे. झिर्कोनियमचा आयन चार धनभारांचा, इट्रियमचा तीन. दोन इट्रियम जाळीत शिरले की भाराचा हिशेब जुळवण्यासाठी ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते. मग शेजारचा ऑक्सिजन त्या जागेवर सरकतो, त्याच्या जागेवर त्याच्या मागचा. पीएमटीच्या बसमध्ये एक सीट रिकामी झाली की जे होतं तेच. मात्र हे सरकणं तापवल्याशिवाय होत नाही.

कल्पना जुनी आहे. वाल्टर नेर्न्स्टने १८९० च्या दशकाच्या शेवटी झिर्कोनिया-इट्रियाच्या कांडीचा दिवा बनवला होता. १९३७ मध्ये बाउर आणि प्राइस यांनी अशाच पदार्थावर इंधन सेल चालवून दाखवला. आता तिला नव्याने भाव आलाय, कारण हाच सेल उलटा चालवला की वाफेतून हायड्रोजन निघतो. वाफ करण्यापुरती उष्णता दुसरीकडून मिळत असेल, तर एक किलो हायड्रोजनमागे सेलला साधारण ३४ युनिट वीज पुरते. थंड पाण्यावर चालणाऱ्या प्रचलित यंत्रांना प्रत्यक्षात ५० च्या पुढे लागते. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये मंजूर केलेल्या हरित हायड्रोजन मिशनचं उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन आहे. तेवढ्या हायड्रोजनवर किलोमागे पाच युनिट जरी वाचली तरी केवढी वीज, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. (पुण्यात ऑगस्ट २०२२ मध्ये हायड्रोजनवरची बस दाखवली गेली, तिच्यातला सेल मात्र वेगळ्या जातीचा, पॉलिमरच्या पडद्याचा, कमी तापमानावर चालणारा. मालक ती बघून आले होते आणि बरेच दिवस दोन्हींची गल्लत करत होते.)

इट्रिया किती घालायचा यावर चकतीचा स्वभाव ठरतो. ३ मोल टक्के (शंभर रेणूंत तीन) घातला तर चकती चिवट होते. ८ घातला तर आयन सगळ्यात सहज धावतात, पण ताकद निम्म्याहूनही खाली येते. गिऱ्हाइकाला ८ हवा होता. म्हणजे मुळातच हळवा माल, त्यात पोस्टकार्डाची जाडी.

पद्धत अशी. पावडर, टोल्यूइन-इथेनॉल, थोडं प्लास्टिसायझर आणि पीव्हीबी नावाचा चिकट पॉलिमर (कण धरून ठेवणारा बाइंडर) यांचं घट्टसर मिश्रण करायचं. (गाडीची समोरची काच फुटली तरी विखरत नाही ती दोन काचांमधल्या याच पीव्हीबीच्या थरामुळे.) हे मिश्रण पातीखालून ओढून त्याची पट्टी वाळवायची, तिला सगळे 'टेप' म्हणतात. तीन टेप एकावर एक ठेवून कोमट प्रेसखाली दाबायच्या आणि ६३ मिलिमीटरची चकती कापायची. भाजल्यावर ती विसेक टक्के आटते आणि ५० ची होते. भट्टीचा कार्यक्रम असा : संध्याकाळी सहाला सुरू, नऊपर्यंत २०० अंश. तिथून ४५० पर्यंत मिनिटाला फक्त अर्धा अंश, कारण याच पट्ट्यात पीव्हीबी जळून वायू होऊन बाहेर पडतो आणि त्याला वाट आणि वेळ दोन्ही लागतं. हे चालतं पहाटे साडेपाचपर्यंत. मग १४५० अंश, तीन तास मुक्काम, आणि हळूहळू निववणं.

आमचे दोन चुकीचे पाय

पहिला पावडरचा. नमुना तपासायला पाठवला. कणांचा आकार, पृष्ठफळ, क्ष-किरण चाचणी, सगळं आधीच्या पिशवीसारखंच. त्याच पावडरच्या जाड गोळ्या दाबून भाजल्या, त्या ठणठणीत निघाल्या. यात दोन आठवडे गेले.

दुसरा पाय पावसाचा, आणि तो माझा. बिघाड पावसाबरोबर सुरू झाला होता. पावसाळ्यात टेप पांढुरकी पडते, हे मी आधी पाहिलं होतं. इथेनॉल उडताना टेपचा पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि पीव्हीबी दुधासारखा फाटतो. फर्निचरवर पावसात लॅकर मारला की जो पांढरा ढग उठतो, तोच प्रकार. इथल्या टेपवरही तो ढग होता. मी आत्मविश्वासाने सांगितलं, दमटपणा. मालकांनी डीह्युमिडिफायर आणला, टेपच्या खोलीला प्लास्टिकचे पडदे लावले. ढग गेला. पुढच्या भरणीत २४ पैकी १९ पास. मालकांनी पेढे वाटले. त्यानंतरच्या भरणीत पास झाल्या चार.

तो खर्च फुकट गेला असं म्हणवत नाही, टेप खरंच सुधारली. पण १९ च्या आकड्याने आमचे डोळे बांधले. उपाय केला आणि लगेच निकाल सुधारला, की माणूस पुरावा मागायचं थांबवतो. मीही थांबवला.

तीन डबे

इथे क्वालिटीच्या मॅडमचं काम सांगायला हवं. वय पंचवीस, पदविका सिरॅमिकची नाही, मेकॅनिकलची. तिने एक गोष्ट केली जी मी पहिल्या दिवशी करायला हवी होती. सगळ्या नापास चकत्या 'रिजेक्ट' लिहिलेल्या एकाच क्रेटमध्ये पडल्या होत्या. फेकल्या नव्हत्या, कारण झिर्कोनिया फेकवत नाही. पुडक्यांवर भरणीची तारीख होती. तिने बाकरवडीचे तीन रिकामे डबे घेतले, दहापट भिंग घेतलं आणि ११८ चकत्या निवडायला बसली.

निवडण्याची रीत मी फोनवर सांगितली. भेग भिंगाखाली धरायची आणि तिच्या कडा बघायच्या. भेग भाजण्याआधी पडलेली असेल, तर १४५० अंशांवर तिच्या कडांवरचे कण एकमेकांत वितळल्यासारखे मिसळतात, कडा गोलसर होतात आणि आटताना भेग उघडते, तोंड वासल्यासारखी. निवताना पडलेली भेग केसासारखी बारीक असते, कडा धारदार, आणि दोन तुकडे जोडले तर सांधा दिसतही नाही. भाजलेल्या मालात भेगेचं वय असं वाचता येतं. चकती ट्यूबलाइटसमोर धरली तर आणखी एक दिसतं. इतका पातळ झिर्कोनिया अर्धवट उजेड आत घेतो, आणि आतले थर सुटले असतील तिथे वेगळ्या छटेचा डाग उमटतो.

तीन तासांनी तिने आकडे पाठवले. पहिल्या डब्यात, उघड्या गोल कडांच्या भेगा आणि सुटलेले थर : ८१. दुसऱ्यात केसासारख्या धारदार भेगा : २३. तिसऱ्यात नुसत्या वाकड्या झालेल्या : १४.

म्हणजे एका दुखण्याचे नव्हे, तीन दुखण्यांचे रोगी आम्ही एका खाटेवर निजवले होते. आणि त्यातलं मोठं दुखणं १४५० ला झालेलंच नव्हतं. ते झालं होतं बाइंडर जळतानाच्या रात्री.

मग तिने पहिला डबा तारखेप्रमाणे मांडला. ८१ पैकी जवळपास सगळ्या चार भरण्यांतल्या. बाकीच्या भरण्यांत एखाद-दुसरी. दमट हवा अशी वागत नाही. मागच्या मंगळवारच्या वाईट भरणीला आणि तिच्या आदल्या भरणीला भोसरीत हवा सारखीच ओली होती, टेप एकाच रोलची होती. एक भरणी साफ आणि पुढची उद्ध्वस्त, म्हणजे कारण घटनेसारखं आलं होतं, हवामानासारखं नाही.

रकाना

सकाळी आठला पाळी बदलते. रात्रपाळीचे मामा डबा घेऊन निघाले होते. मॅडमने चहाचा कप पुढे करत विचारलं, "मामा, मागच्या मंगळवारी रात्री भट्टीजवळ काही झालं होतं का?"

"काय व्हायचंय?"

"लाईट वगैरे गेली होती का?"

"गेली होती की. सव्वाबाराच्या पुढं. अर्ध्या तासात आली."

"मग लिहिलं नाहीत?"

"कुठं लिहू मॅडम? रकाना कुठाय?"

खरंच नव्हता. लॉगबुकात चार रकाने : वेळ, सेट (कार्यक्रमाप्रमाणे हवं ते तापमान), प्रत्यक्ष, सही. दर तासाला नोंद. मामांनी बाराला लिहिलं होतं सेट २९०, प्रत्यक्ष २९१. एकला सेट ३०५, प्रत्यक्ष ३०९. दोनला ३३५, ३३५. सुबक अक्षर, खाडाखोड नाही.

मॅडम त्या पानाकडे बघत राहिली. मिनिटाला अर्धा अंश म्हणजे तासाला ३०. बाराला २९० असेल तर एकला सेट ३२० हवा. ३०५ का? कार्यक्रम अर्धा तास मागे पडला होता. तिने पुडक्यांवरच्या तारखा बघून लॉगबुकाची मागची पानं काढली. चारही वाईट रात्री कुठे ना कुठे सेटचा आकडा तासाला ३० ऐवजी १५, १८, २० ने पुढे सरकला होता. चांगल्या भरण्यांत एकदाही नाही. लाईट गेल्याची नोंद मामांनी केलीच होती, आम्ही ती वाचली नव्हती.

आता प्रश्न पडेल, भोसरीसारख्या ठिकाणी लाईटचा संशय कुणाला आधी कसा आला नाही? उत्तर आहे गुरुवार. भोसरीत गुरुवारची सुट्टी आणि गुरुवारचं वीजबंद हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. या कारखान्यातही बुधवारी संध्याकाळी भट्टी कधीच भरत नाहीत, मंगळवारची भरणी बुधवारी रात्रीपर्यंत निवते. नियम इतका पक्का होता की लाईटचा बंदोबस्त झालेला आहे असं सगळे धरून चालले होते. पावसाळ्यात वाऱ्या-पावसाने फीडर (भागाला वीज देणारी वाहिनी) वीस मिनिटं, अर्धा तास ट्रिप होतो, त्याला कुणी 'लाईट जाणं' म्हणतच नव्हतं. लगेच येते ना!

स्विच खाली

पण नुसती लाईट जाऊन थर सुटायला नकोत. भट्टी थोडी निवेल, परत तापेल. म्हणून रिकामी भट्टी लावली, आत वेगळं थर्मोकपल सोडलं, त्याला बॅटरीवरचा नोंदणीयंत्राचा डबा जोडला, आणि ३०० अंशांवर मालकांनी स्वतः मेन स्विच खाली ओढला. अर्धा तास आम्ही चौघं अंधारात बसलो. तापमान ३०० वरून २३१ वर आलं. अस्तर सिरॅमिक फायबरचं, हलकं; लवकर तापतं तसं लवकर निवतं. स्विच वर केला.

स्क्रीनवरची रेघ सरळ उभी राहिली. २३१ चे ३०० व्हायला साडेतीन मिनिटं. म्हणजे मिनिटाला वीसच्या घरात, ठरलेल्या वेगाच्या चाळीसपट. आणि ती ३०० वर थांबली नाही, ३२४ पर्यंत गेली, मग सावकाश खाली आली. ३०० पर्यंतचा बाइंडर आधीच एकदा निघून गेलेला असतो, तेवढं चालून गेलं असतं. घात केला तो वरच्या २४ अंशांनी. त्यांना ४८ मिनिटं द्यायची होती, मिळालं एक-सव्वा मिनिट. तेवढ्यात सुटलेल्या वायूला टेपच्या सांध्यातून बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून त्याने थर उचलले. शिवाय लाईट गेल्यावर हवा खेचणारा ब्लोअरही बंद पडतो आणि वाफा आतच कोंडतात. ताजी हवा आणि उष्णता एकदम आली की त्या पेटत असणार. हे मी तर्काने म्हणतो, त्याची वेगळी चाचणी केली नाही.

मग एप्रिल-मे मध्ये हे का झालं नाही? एक तर तेव्हा पाऊस नव्हता. दुसरं मालकांना एकदम आठवलं. मेच्या मध्यात भट्टीचा जुना कंट्रोलर जळाला आणि नवा बसवला. कंट्रोलरच्या मेनूत खोल कुठेतरी एक पान असतं : वीज परत आल्यावर काय करायचं? कार्यक्रम बंद करायचा, की जिथे सोडला तिथल्या सेटवरून चालू ठेवायचा, की भट्टीचं खरं तापमान बघून तिथून ठरलेल्या वेगाने चढायचं? जुन्यावर कुणीतरी कधीतरी तिसरा पर्याय लावून ठेवला होता. नवा दुसऱ्या पर्यायावर आला आणि तसाच राहिला. बसवणाऱ्याने कार्यक्रमाचे आकडे जुन्यावरून जसेच्या तसे उतरवले. ते पान कार्यक्रमाचा भाग नव्हतं.

झिर्कोनियाच्या इतिहासात भट्टी बदलल्याची याहून फार मोठी किंमत मोजली गेलीय. कृत्रिम खुब्याचे झिर्कोनियाचे गोळे बनवणाऱ्या एका युरोपीय उत्पादकाने १९९८ मध्ये एकेक भरणी भाजणारी भट्टी सोडून बोगद्याची, माल सलग पुढे सरकवत भाजणारी भट्टी घेतली. पावडर तीच, तापमान तेच. पण त्या भट्टीतल्या काही खेपांचे गोळे माणसांच्या शरीरात तुटू लागले आणि २००१ मध्ये माल परत मागवावा लागला. आमच्या तर चकत्याच गेल्या.

विटांची भट्टी

कंट्रोलरचा पर्याय बदलायला चार मिनिटं लागली. पण तेवढ्यावर सोडणं मला पटेना. खऱ्या तापमानापासून हळू चढलं तरी अर्धा तास ब्लोअर बंद राहतोच. जनरेटरचं कोटेशन आलं, १८ किलोवॉटच्या भट्टीचं, आणि मालकांनी ते वाचून उलटं ठेवलं. मग हिशेब केला. १८ किलोवॉट १४५० ला जाताना लागतात. ३०० वर टिकून राहायला दोनसुद्धा लागत नाहीत. जपायची आहे ती फक्त रात्र.

शेडच्या मागे एक जुनी विटांची भट्टी पडून होती, कांथल या मिश्रधातूच्या तारांची, जेमतेम ११०० अंशांची. तापायला उशीर लावते म्हणून टाकलेली, कुदळवाडीच्या भंगारवाल्याने भावही सांगून ठेवला होता. मालकच म्हणाले, "उशीर तर आपल्याला पाहिजेच आहे की." तिला नव्या तारा घातल्या आणि तोच स्विचचा प्रयोग केला. अर्ध्या तासात ३०० चे २८८. जाड विटा उष्णता धरून बसतात. ब्लोअरपुरता एक साधा घरगुती इन्व्हर्टर जोडला.

एक अडचण मधे आलीच. ४५० अंशांना बाइंडर गेलेली चकती म्हणजे नुसती जमून बसलेली भुकटी. उचलली की बोटाला लागते. पहिल्या दिवशी सहा चकत्या अशाच गेल्या. म्हणून आता विटांच्या भट्टीतच पुढे १००० अंशांपर्यंत नेतात. कण एकमेकांना धरू लागतात, चकती खडूइतकी टणक होते, आणि मग फायबरच्या भट्टीत हलवता येते. एका भरणीला एक दिवस जास्त लागतो. गिऱ्हाइकाची त्याला हरकत नव्हती, हरकत मालकांची होती. ती अजून आहे.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सहा भरण्या झाल्या, १४४ चकत्या. त्या काळात लाईट सात वेळा गेली, त्यातली तीनदा बाइंडरच्या पट्ट्यात. पहिल्या डब्यात पडल्या पाच. लॉगबुकात आता पाचवा रकाना आहे. मामा त्यात गेलेली वेळ आणि आलेली वेळ लिहितात, आणि कुणी न सांगता पुढे 'वारा' किंवा 'पाऊस'.

तिसऱ्या डब्याचं उत्तर सोपं निघालं, चकत्या ज्यांच्यामध्ये थप्पी रचून भाजतात त्या अॅल्युमिनाच्या पाट्याच वाकल्या होत्या, घासून घेतल्या. दुसऱ्या डब्याचं अजून नाही. धारदार भेगा सहा भरण्यांत १७ निघाल्या. त्या निवतानाच्या आहेत एवढं नक्की, आणि बहुतेक थप्पीच्या मधल्या चकत्यांत आहेत. मला संशय जाड पाट्यांचा आहे. पाटी उष्णता धरून राहते, चकतीची कड आधी निवते, मध्य मागे राहतो. मॅडमला वाटतं ९०० अंशांखाली दार किलकिलं करायची जुनी सवय नडतेय. सोमवारच्या भरणीत अर्ध्या थप्पीला पातळ पाट्या लावल्यात आणि दाराच्या कडीला कुलूप घातलंय. किल्ली मॅडमकडे आहे.